विंचवाचं विष, सशाचं रक्त

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात पोटॅश हा शब्द दिवसभर कानावर पडत असतो. नीरा डाव्या कालव्यावर ऊस करणाऱ्याला नत्र, स्फुरद आणि पालाश यांचा हिशेब तोंडपाठ असतो. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस. पालाश म्हणजेच पोटॅशियम. त्याचं लालसर खत, म्युरेट ऑफ पोटॅश, जवळजवळ सगळंच परदेशातून बोटीने येतं. भाव वाढला की आधी हात आखडतो तो पालाशवरच, आणि मग ऊस लोळायला लागला की त्याची आठवण होते.

मातीत पडलेलं हे पोटॅशियम मुळाच्या पेशीत शिरतं कसं? पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं आणि विद्युतभार असलेल्या कणाला त्यातून आरपार जाता येत नाही. त्यासाठी आवरणात खास प्रथिनं बसवलेली असतात. त्यांच्या मधोमध अणुभर रुंदीची वाट असते. हीच पोटॅशियम चॅनेल. वनस्पतींच्या मुळांतलं असं चॅनेल १९९२ मध्ये पहिल्यांदा जनुकाच्या पातळीवर ओळखलं गेलं, तेव्हा ते फळमाशीत १९८७ मध्ये सापडलेल्या ‘शेकर’ नावाच्या चॅनेलच्या नात्यातलं निघालं. माणसाच्या हृदयात, मेंदूत, मूत्राशयात असलेली अनेक चॅनेलही त्याच विस्तृत घराण्यातली आहेत. उसाचं मूळ आणि ऊस तोडणाऱ्याचं हृदय पोटॅशियमची ये-जा एकाच जुन्या रचनेवर सांभाळतात. जीवशास्त्रातल्या मला सर्वांत आवडणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे.

दवाखान्यात पेशंट अत्यवस्थ असला की डॉक्टर ‘सोडियम-पोटॅशियम’ तपासायला सांगतात. रिपोर्टमध्ये पोटॅशियमचा आकडा साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये हवा असतो. हा झाला रक्तातला, म्हणजे पेशीच्या बाहेरचा आकडा. पेशीच्या आत तो १४० च्या आसपास असतो. आत इतकी गर्दी आणि बाहेर इतकी विरळाई असल्यामुळे वाट उघडली रे उघडली की पोटॅशियम बाहेर धावतं, पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने आणखी ऋणभारित होते आणि पेशी शांत होते. मज्जातंतूतला प्रत्येक संदेश आणि हृदयाचा प्रत्येक ठोका संपतो तो याच शांत होण्याने.

या चॅनेलची करामत अशी की ते सेकंदाला कोट्यवधी पोटॅशियम कण सोडतं, पण त्याहून लहान असलेला सोडियमचा कण अडवतं. लहान कण अडतो आणि मोठा जातो, हे कोडं १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी सोडवलं. त्यांनी एका जिवाणूतल्या पोटॅशियम चॅनेलची अणुरचना क्ष-किरणांनी उलगडून दाखवली. पाण्यात असताना पोटॅशियमच्या कणाला पाण्याचे रेणू बिलगलेले असतात. चॅनेलच्या सर्वांत अरुंद भागात प्राणवायूचे अणू अशा अंतरावर मांडलेले असतात, की पाणी सोडून आत आलेल्या पोटॅशियमला ते पाण्यासारखाच आधार देतात. सोडियम लहान असल्याने त्या सगळ्या अणूंपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही, म्हणून पाण्याची साथ सोडून आत यायला तो राजी होत नाही. या कामासाठी मॅकिनन यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वापरलेलं एक मोठं हत्यार होतं विंचवाचं विष. चॅनेलचं तोंड नेमकं कुठे आहे आणि ते किती तुकड्यांनी बनलं आहे, हे त्यांनी आधी विषाच्या मदतीनेच चाचपून पाहिलं होतं.

इथून गोष्ट आपल्या माळावर येते.

बारामती आणि इंदापूर म्हणजे नुसता ऊस आणि डाळिंब, असा बाहेरच्यांचा समज असतो. कालव्याचं आणि उजनीचं पाणी जिथे पोहोचत नाही तिथे दोन्ही तालुक्यांत जिरायत पट्टा आहे. मुरमाड माळ, दगडी ताली, बोरी-बाभळी आणि पावसाची वाट पाहणारी बाजरी. दख्खनच्या पठारावरच्या अशा कोरड्या मुलखात लाल विंचू सुखाने राहतो. शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत तो ब्युथस टॅम्युलस किंवा मेसोब्युथस टॅम्युलस या नावांनी भेटतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले डॉ. डी. बी. बास्तवडे आणि बी. के. टिकादर यांनी १९८३ मध्ये भारतातल्या विंचवांवर मोठा ग्रंथ लिहिला. विंचवांचा अभ्यास करणारा आजही त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

काळा विंचू मोठा, जाडजूड नांग्यांचा, बघूनच धडकी भरवणारा. लाल विंचू त्याच्यापुढे किरकोळ वाटतो. नांग्या बारीक, रंग तांबूस-पिवळा. शेपटी मात्र भक्कम. जीव घेतो तो हा किरकोळ दिसणाराच. दगडाखाली, विटांच्या ढिगात, सरपणात, भिंतीच्या भेगेत तो दिवस काढतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. कारखाना सुरू झाला की ऊसतोडणीच्या टोळ्या कोप्या घालतात, तिथे लेकरं जमिनीवरच झोपतात. माणूस आणि विंचू एकमेकांना अशा ठिकाणी भेटतात.

अंधाऱ्या रात्री अतिनील प्रकाशाची बॅटरी घेऊन एखाद्या दगडी तालीवर उजेड टाकला, तर विंचू निळसर-हिरव्या रंगात लखलखतो. त्याच्या कवचातली काही रसायनं अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश परत देतात. अर्ध्या मिनिटापूर्वी नुसती काळी दिसणारी ताल, आणि आता फटीफटीत हिरवे ठिपके. शेपटीचा एकेक मणका मोजता येईल इतकी ती चमक स्वच्छ असते. एका प्रकारचा प्रकाश शोषून दुसऱ्या प्रकारचा देण्याचा हा गुण लक्षात ठेवावा. पेशीतलं चॅनेल शोधायलाही तोच कामी येणार आहे.

लाल विंचू चावला की बहुतेक मोठ्या माणसांना मरणाच्या वेदना होतात, पण जीव वाचतो. काहींना, विशेषतः मुलांना, वेदनेपेक्षा वेगळंच काही सुरू होतं. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार. मग धाप, खोकला, गुलाबी फेस, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून मृत्यू. कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी हे मृत्यू डोळ्यांसमोर पाहिले. त्या वेळी गंभीर रुग्णांपैकी साधारण तिसरा हिस्सा दगावत असे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावातून आलेला हा तरुण डॉक्टर रुग्णाच्या खाटेशेजारी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवत राहिला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. करून ते पुन्हा महाड परिसरातच परतले. कुणाला विष भिनणार आणि कुणाला नाही हे सुरुवातीलाच कोणत्या लक्षणांवरून ओळखावं, यावरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीने रुग्ण वाचतात हे जगाला सांगितलं. गोळी सुरू झाली आणि गंभीर रुग्णांमधला मृत्यूचा आकडा शंभरात काही मोजक्यांवर आला. डॉ. प्रमोदिनी बावसकर या कामात सतत बरोबर होत्या. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते महाराष्ट्रात गेल्या पन्नास वर्षांत झालेल्या वैद्यकीय संशोधनात याच्या तोडीचं काम फार थोडं आहे. ते मोठ्या संस्थेत झालं नाही, तालुक्याच्या दवाखान्यात झालं.

विष शरीरात करतं काय? लाल विंचवाच्या विषात लहान लहान प्रथिनांचं मोठं मिश्रण असतं. जीवघेणा भाग मुख्यतः सोडियम चॅनेलवर काम करतो. मज्जातंतूंतली ती चॅनेल मिटायची थांबतात, तंतू पेटलेले राहतात, रक्तात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या दाबाविरुद्ध पंप करता करता हृदय थकतं. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. पण याच विषाच्या थेंबात दुसरीही प्रथिनं असतात. त्यांचं प्रमाण कमी असतं आणि ती पोटॅशियम चॅनेल बंद करतात. रुग्णाचा जीव त्यांच्यामुळे जातो असं नाही. प्रयोगशाळेच्या दृष्टीने मात्र हा थेंब सोन्याच्या मोलाचा ठरला तो त्यांच्यामुळेच.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी लाल विंचवाच्या विषातून असं एक प्रथिन वेगळं केलं आणि त्याला आयबेरिओटॉक्सिन नाव दिलं. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची साखळी, गंधकाच्या ३ दुव्यांनी घट्ट बांधलेली. पेशींतल्या शेकडो प्रकारच्या चॅनेलपैकी ते जवळजवळ एकाच चॅनेलला पकडतं. त्या चॅनेलचं नाव बीके. पोटॅशियमचा सर्वांत मोठा लोंढा सोडणारं म्हणून ‘बिग’ मधला बी, आणि के हे पोटॅशियमचं रासायनिक चिन्ह. बाटलीच्या तोंडाला बूच बसावं तसं हे विष चॅनेलच्या बाहेरच्या तोंडावर बसतं आणि पोटॅशियमची वाट बंद होते.

बीके चॅनेल कुठे कुठे असतं? रक्तवाहिन्यांच्या, श्वासनलिकेच्या, मूत्राशयाच्या स्नायूंत, मेंदूच्या पेशींत, कानात. पेशीत कॅल्शियम वाढलं आणि विद्युतदाबही चढला की ते उघडतं आणि पेशीला थंड करतं. आवळलेली रक्तवाहिनी पुन्हा सैल होण्यात त्याचा वाटा असतो. म्हणूनच रक्तदाब, दमा, वारंवार लघवी होणं अशा तक्रारींचा अभ्यास करणाऱ्यांना हे चॅनेल ऊतीत नेमकं कुठे आहे ते पाहायचं असतं. विष चॅनेल बंद करून दाखवतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली विषाचा रेणू दिसत नाही. दिसायला रंग हवा, आणि रंग नेमक्या जागी पोचवणारा कुणीतरी हवा. ते काम प्रतिपिंड करतं.

प्रतिपिंडाला आपण रोजच्या बोलण्यात अँटिबॉडी म्हणतो, करोनाच्या काळात तर घराघरात म्हणत होतो. शरीरात परकं प्रथिन शिरलं की रोगप्रतिकार यंत्रणा त्याच्या एखाद्या पृष्ठभागाला अचूक चिकटणारं प्रथिन बनवते. प्रयोगशाळेत हीच शक्ती वापरतात. ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा त्याचा तुकडा सशाला टोचायचा, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचायचा, आणि सशाच्या रक्तातून त्या तुकड्याला चिकटणारी प्रतिपिंडं वेगळी करायची. १९७५ मध्ये कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशावळीतून एकाच प्रकारचं प्रतिपिंड हवं तेवढं बनवण्याची युक्ती शोधली. १९८४ चं नोबेल त्यांना येर्न यांच्याबरोबर मिळालं.

पोटॅशियम चॅनेलविरुद्ध चांगलं प्रतिपिंड बनवणं मात्र अवघड आहे. चॅनेलचा बराचसा भाग स्निग्ध आवरणात रुतलेला असतो, बाहेर डोकावणारा भाग थोडका. त्यात बीके चॅनेल सस्तन प्राण्यांत इतकं सारखं आहे की माणसाचं चॅनेल सशाला परकं वाटतच नाही, आणि परकं वाटलं नाही तर प्रतिपिंड तयार होत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पेशीच्या आत लोंबणाऱ्या लांबलचक शेपटातला १०-२० अमिनो आम्लांचा एखादा तुकडा निवडतात, तो एका मोठ्या परक्या प्रथिनाला जोडतात आणि मग टोचतात. याचा परिणाम असा, की विष चॅनेलला बाहेरून धरतं आणि असं प्रतिपिंड त्याला आतून धरतं. जिवंत, अखंड पेशीत ते प्रतिपिंड शिरूच शकत नाही. आधी ऊती मारून, स्थिर करून, तिच्या पेशींची आवरणं उघडी करावी लागतात.

हे काम प्रत्यक्ष कसं चालतं ते एका स्लाइडवर पाहू. मूत्राशयाचा वाटाण्याएवढा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकतात. फॉर्मेलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, त्यामुळे ऊती सडत नाही. मग अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेलं मेण. तुकडा मेणाच्या वडीत बसला की मायक्रोटोमवर त्याचे ४-५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पात्यावरून काप एकामागोमाग एक जोडलेल्या फितीसारखे सुटतात. ते अलगद कोमट पाण्यावर सोडायचे, सुरकुती निघाली की खालून काच सरकवून उचलायचे. तंत्रज्ञाचा हात इथे कळतो. एक घडी राहिली तरी पुढे तिथे रंग जास्त साचतो आणि नवखा माणूस त्यालाच चॅनेल समजून बसतो.

मेण काढून टाकल्यावर एक अडचण उरते. फॉर्मेलिनने बांधलेल्या प्रथिनांत प्रतिपिंडाची बसायची जागाच झाकली गेलेली असते. १९९१ मध्ये शॅन-राँग शी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्लाइड द्रावणात घालून मायक्रोवेव्हमध्ये तापवली तर त्या गाठी बऱ्याच प्रमाणात सुटतात. या एका शोधाने जगभरच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांचं काम बदललं. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या मेणाच्या वड्या पुन्हा बोलक्या झाल्या. आता बहुतेक ठिकाणी सायट्रेटचं द्रावण किंवा तत्सम काही वापरतात.

त्यानंतर ऊतीचं स्वतःचं पेरॉक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, हायड्रोजन पेरॉक्साइडने निकामी करतात आणि रिकाम्या चिकट जागा दुसऱ्या प्रथिनाने भरून टाकतात. मग सशाचं प्रतिपिंड बरंच पातळ करून घालतात. ते रात्रभर ४ अंश तापमानाला ठेवतात. सकाळी स्वच्छ धुऊन सशाच्या प्रतिपिंडालाच चिकटणारं दुसऱ्या प्राण्याचं प्रतिपिंड घालतात. त्याला तेच विकर जोडलेलं असतं. शेवटी डीएबी नावाचं रसायन. विकर जिथे आहे तिथे ते तपकिरी होतं. काही सेकंदांतच स्लाइडवर तपकिरी छटा चढायला लागते आणि ती कधी थांबवायची हे डोळ्याने ठरवावं लागतं. हेमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी केली की निळ्या ठिपक्यांभोवती तपकिरी किनार दिसते. तपकिरी आहे तिथे चॅनेल आहे, असं म्हणायचं. विकराऐवजी चमकणारं रसायन जोडलं तर तीच किनार अंधारात हिरवी लखलखते. प्रतिपिंडाला असं चमकणारं द्रव्य जोडायची कल्पना अल्बर्ट कून्स यांची, १९४१ ची. तालीवरच्या विंचवाची चमक आणि स्लाइडवरच्या चॅनेलची चमक यांमागचं भौतिकशास्त्र एकच.

रुग्णालयात रोजच्या निदानात याचं उत्तम उदाहरण पोटॅशियमचं नाही, क्लोराइडचं आहे. जठराच्या आणि आतड्याच्या ‘जिस्ट’ नावाच्या गाठी ओळखायला डॉग-१ हे प्रतिपिंड वापरतात. ते ज्या प्रथिनाला चिकटतं ते कॅल्शियमने उघडणारं क्लोराइड चॅनेल आहे. त्या तपकिरी रंगावर रुग्णाचं औषध ठरतं.

आता खरा प्रश्न. तपकिरी दिसलं म्हणजे चॅनेलच आहे, हे कशावरून?

कुपीवरच्या चिठ्ठीवर ‘बीके चॅनेलविरुद्ध’ असं छापलेलं असतं म्हणून? प्रतिपिंडाला नाव वाचता येत नाही. त्याला एक आकार ओळखता येतो, आणि तसाच आकार दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर असला तर ते तिथेही तितक्याच निष्ठेने बसतं. गेल्या काही दशकांत बाजारातल्या प्रतिपिंडांची पडताळणी झाली तेव्हा कित्येक भलत्याच प्रथिनाला चिकटत होती किंवा कशालाच नीट चिकटत नव्हती. २०१५ मध्ये ‘नेचर’ने यावर मोठी चर्चा घडवून आणली. त्या कुप्यांच्या भरवशावर किती पैसा, किती वर्षं आणि किती विद्यार्थ्यांचे प्रबंध वाया गेले असतील याचा विचार केला की मन विषण्ण होतं.

पोटॅशियम चॅनेलच्याच बाबतीतलं एक प्रकरण तर थेट रुग्णांशी निगडित आहे. काही माणसांना अचानक विस्मरण, झटके, भ्रम, झोप उडणं असा आजार होतो. त्यांच्या स्वतःच्याच रक्तात पोटॅशियम चॅनेलविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, असं अनेक वर्षं मानलं गेलं. तपासणी अशी असे: मेंदूतून चॅनेल काढायची, त्यांना आफ्रिकेतल्या मांबा सापाच्या विषातलं किरणोत्सारी केलेलं डेंड्रोटॉक्सिन चिकटवायचं, आणि रुग्णाचं प्रतिपिंड त्या जोडीला पकडतं का पाहायचं. पकडलं, म्हणजे चॅनेलविरुद्ध प्रतिपिंड. पण २०१० मध्ये उघड झालं की बहुतेक रुग्णांचं प्रतिपिंड चॅनेलला धरतच नव्हतं. ते चॅनेलच्या शेजारी त्याला बिलगून बसणाऱ्या दुसऱ्याच दोन प्रथिनांना धरत होतं. त्यांची नावं एलजीआय-१ आणि कॅस्पर-२. मेंदूचा चोथा करताना शेजारी सुटला नाही, चॅनेलबरोबर तोही आला, आणि आळ चॅनेलवर गेला. कुठल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड आहे यावर आजाराचं रूप आणि पुढची तपासणी ठरते, म्हणून ही चूक दुरुस्त होणं रुग्णांच्या दृष्टीने फार मोलाचं होतं.

मग खात्री करायची कशी? पहिली परीक्षा अशी, की सशाला जो तुकडा टोचला तोच आधी प्रतिपिंडात मिसळून पाहायचा. रंग गेला तर ठीक. ही परीक्षा सोपी आहे आणि अपुरीही, कारण भलत्या प्रथिनाला बसणारं प्रतिपिंडसुद्धा त्या तुकड्याने अडतं. दुसरी परीक्षा जास्त कडक. ज्या उंदरांत बीके चॅनेलचं जनुकच काढून टाकलं आहे, त्यांच्या ऊतीवर तेच प्रतिपिंड लावायचं. असे उंदीर २००४ मध्ये तयार झाले. त्यांची चाल लडखडते, मूत्राशय अतिचपळ होतं. चॅनेल नसलेल्या या ऊतीत तपकिरी रंग उमटला, तर ते प्रतिपिंड बाद.

तिसरी परीक्षा आपल्या लाल विंचवाची. १९९६ मध्ये, असे उंदीर जन्मायच्याही आधी, ऑस्ट्रियातले हान्स-ग्युंटर क्नाउस आणि मर्कमधले त्यांचे सहकारी यांनी मोठ्या उंदराच्या मेंदूचे काप घेतले. काहींवर चॅनेलच्या आतल्या शेपटाला धरणारं प्रतिपिंड लावलं. काहींवर किंचित बदललेलं, किरणोत्सारी केलेलं आयबेरिओटॉक्सिन लावलं. ते चॅनेलच्या बाहेरच्या तोंडाला धरतं. एक ससा, एक विंचू. दोघांच्या उत्पत्तीचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, दोघं चॅनेलच्या दोन टोकांना धरणारे, म्हणून दोघांची एकच चूक होण्याची शक्यता अगदी कमी. दोन्ही नकाशे जुळले. चॅनेल मुख्यतः मज्जापेशींच्या लांब तंतूंमध्ये आणि त्यांच्या टोकांना, म्हणजे जिथून पुढच्या पेशीला निरोप दिला जातो तिथे, दाटलेलं दिसलं. प्रतिपिंडाच्या पडताळणीचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

विंचवाची साक्षही अचूक नाही, हे पुढे कळलं. मेंदूतल्या काही बीके चॅनेलला बीटा-४ नावाचं जोडप्रथिन लागलेलं असतं. ते चॅनेलच्या तोंडावर अशा रीतीने येतं की आयबेरिओटॉक्सिनला बसायला प्रचंड वेळ लागतो. ही गोष्ट २००० मध्ये प्रसिद्ध झाली. अशा जागी विष ‘चॅनेल नाही’ म्हणेल आणि सशाचं प्रतिपिंड ‘आहे’ म्हणेल, आणि बरोबर असेल प्रतिपिंड. म्हणून ऊतीतल्या चॅनेलबद्दल एकाच साधनावर विसंबून काढलेला निष्कर्ष, मग ते साधन कितीही नावाजलेलं असो, मी तरी पक्का मानणार नाही.

आज आयबेरिओटॉक्सिनसाठी माळावरचे दगड उलथावे लागत नाहीत. रचना माहीत असल्यामुळे ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवता येतं. ससाही हळूहळू मागे पडतो आहे. प्रतिपिंडाचा जनुकीय क्रम एकदा वाचला की तो पेशींत घालून दर वेळी तंतोतंत तेच प्रतिपिंड बनवता येतं. एक ससा मेला की त्याच्यासारखं रक्त पुन्हा मिळत नाही, ही जुनी अडचण त्याने सुटते.

एका ठिकाणी मात्र खरा विंचू आणि खरा प्राणी अजून लागतातच, आणि त्याचा थेट संबंध बारामती-इंदापूरच्या माणसाशी आहे. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष म्हणजेही प्रतिपिंडं. घोड्याला थोडं थोडं विष देऊन त्याच्या रक्तातून ती मिळवतात आणि त्यांचे विषाला धरणारे तुकडे तेवढे ठेवतात. २०११ मध्ये डॉ. बावसकर पती-पत्नींनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चाचणीचा निकाल छापला. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी १० तासांत बरे झाले ८. प्राझोसिनबरोबर प्रतिविषही मिळालेल्या ३५ पैकी बरे झाले ३२. कोकणातल्या खेड्यापाड्यांतल्या रुग्णांवर झालेली ही चाचणी विंचूदंशावरच्या उपचारांच्या कुठल्याही चर्चेत उल्लेखली जाते.

बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याआधी अत्यवस्थ रुग्णाला अनेकदा सुमारे १०० किलोमीटरवरच्या पुण्याची वाट धरावी लागे. विंचू उतरवणाऱ्याकडे तासभर घालवला तर तो तास परत मिळत नाही. मुलाला घाम फुटून हातपाय गार पडायला लागले, उलट्या सुरू झाल्या, की त्याच क्षणी गाडी काढावी आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात विंचूदंश आहे असं आधी सांगावं.

आणि एक प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या मुलखांतल्या लाल विंचवांचं विष तपासलं. कोकणच्या दमट पट्ट्यातल्या आणि दख्खनच्या कोरड्या पठारावरच्या विंचवांच्या विषातली लहान प्रथिनं एकसारखी निघाली नाहीत. प्रतिपिंड ज्या आकारावर घडवलं तोच ओळखतं. घोड्याला एका मुलखाचं विष दिलं, तर त्याचं प्रतिविष दुसऱ्या मुलखाच्या विषाला किती घट्ट धरेल हे गृहीत धरता येणार नाही, मोजावंच लागेल. सशाच्या प्रतिपिंडाच्या बऱ्याच कुप्यांबरोबर आज ते प्रथिनाच्या कुठल्या तुकड्यावर तयार केलं हे छापलेलं मिळतं. तसंच प्रतिविषाच्या कुपीवरही त्यासाठी वापरलेलं विष कुठल्या जिल्ह्यांतल्या विंचवांचं होतं हे छापलेलं असावं, आणि त्या यादीत कोकणाबरोबर पठारावरचे कोरडवाहू तालुकेही असावेत.